झबल्याची किंमत कशी लावायची? घरून मुलांचे कपडे शिवून विकणाऱ्यांनो, इकडे या

कात्री (सातारा)

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली.

शिवण मला चांगलं येतं. लग्नाआधी आईच्या हाताखाली ब्लाउज शिवायचे, पण ब्लाउजचा मनापासून कंटाळा आहे. गिऱ्हाईक तीनदा फिटिंगला येतं आणि चौथ्यांदा वजन वाढवून येतं. मुलांचे कपडे शिवायला मात्र मजा येते. झबली, टोपडी, दुपटी, फ्रॉक, खणाचं परकर-पोलकं असं जमेल ते शिवते. नणंदा, शेजारणी, मुलाच्या शाळेतल्या आया आवडीने नेतात. घोडं अडतं ते पैशापाशी. "घरच्या घरी तर शिवतेस, कापडाचे तेवढे घे" हे ऐकून कान किटले. बाहेर विकावं म्हटलं तर आठवडी बाजारात दीडशेला फ्रॉक लटकलेला असतो.

तर काय शिवावं, किंमत कशी लावावी आणि ओळखीबाहेरचं गिऱ्हाईक कसं मिळवावं? मशिन साधं आहे, पायाचं, त्याला मोटर बसवली आहे. कापडाच्या कडा बांधायचं इंटरलॉक मशिन नाही. घ्यावं का?

खवट

स्पष्ट बोलतो, राग नसावा. दीडशेचा फ्रॉक दीडशेत का मिळतो ते आधी समजून घ्या. बनियन कापडाचा असेल तर तिरुपूरचा, नाहीतर उल्हासनगरचा किंवा कोलकात्याच्या मेटियाब्रुझचा. तिथे थरावर थर लावून मशिनने कापड कापतात. एक जण दिवसभर बाह्याच जोडतो, दुसरा काजंच करतो. कापड गाठीच्या भावात येतं. तुम्ही दुकानातून मीटरवर कापड आणणार आणि त्यांच्याशी स्पर्धा करणार? हौस म्हणून करा. धंदा म्हणून नको.

गौरीची_आई

खवटराव, तुमचं नाव सार्थ आहे. :)

पन्हा४४ (पुणे)

खवट यांचं निम्मं बरोबर आहे. रोजच्या फ्रॉकात पडूच नका. पण कारखान्याला जे परवडत नाही, ते नेमकं घरी बसून परवडतं. मी गेली बरीच वर्षं यावरच घर चालवायला हातभार लावते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बारशाचं घ्या. आपल्याकडे अजूनही बहुतेक घरांत बाळ जन्मायच्या आधी नवे कपडे आणत नाहीत. सुरुवातीला कुणाच्या तरी घरचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं घालतात. मग बाळ होतं, मुलगा की मुलगी ते कळतं आणि बाराव्या दिवसावर बारसं येऊन ठेपतं. हल्ली हॉल मिळेल तसं महिना-दीड महिन्याने करतात, तरी कपड्यांची आठवण आठवडा राहिला की मगच होते. बाळंतीण घरात, आजीची धावपळ, आत्याला नाव ठेवायचा मान म्हणून तिला काहीतरी खास न्यायचंय. अशा वेळी खणाची कुंची (डोक्यावरून पाठीवर पदर सोडणारं टोपडं), तिला जुळणारं झबलं आणि बाळाच्या आईच्या साडीचा काठ लावलेलं दुपटं चार दिवसांत कोण देणार? कारखाना नाही देणार, मॉल नाही देणार.

यासाठी तयारी आधी लागते. मी पांढरी, लिंबू, मोतिया अशा रंगांत मलमलीची झबली शिवून ठेवते, म्हणजे मुलगा-मुलगी प्रश्न येत नाही. कुंच्या बेतून, अस्तर लावून अर्ध्यावर ठेवते. काठ, गोट, नाव हे ऑर्डर आल्यावर. चार दिवसांतलं खरं काम एका दुपारचं असतं.

मग संक्रांत. पहिल्या संक्रांतीला आणि पुढे पाचेक वर्षांपर्यंत बोरन्हाण करतात, ते रथसप्तमीपर्यंत चालतं. काळं झबलं, काळा फ्रॉक, मुलग्यांना काळा कुडता. ही मागणी डिसेंबरपासून सुरू होते आणि रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी नळ बंद केल्यासारखी थांबते. उरलेला माल वर्षभर कपाटात. म्हणून काळं मोजूनच शिवायचं.

आषाढीला शाळांच्या दिंड्या, गोकुळाष्टमीला कृष्ण, शिवजयंतीला बालशिवाजी यांच्या फंदात मी पडत नाही. ते एका दिवसाचे कपडे, लोक भाड्याने आणतात. अपवाद फक्त छोट्या मुलींच्या शिवलेल्या नऊवारीचा. ती भाड्याची मापात बसत नाही, सारखी सुटते, म्हणून आया स्वतःची शिवून घेतात.

कात्री

पन्हाताई, साष्टांग नमस्कार! साडीच्या काठाची कल्पना फारच आवडली. पण किंमत? झबलं, टोपडं, लंगोट, दुपटं एवढ्या सेटला मी साडेतीनशे सांगते, तरी समोरच्याचं तोंड वाकडं होतं.

पन्हा४४

तोंड वाकडं होणारच, तुम्ही स्वतःच घाबरत सांगत असाल तर. :) वहीत मांडू या.

चांगली मलमल मला १२० रुपये मीटरने पडते. सेटला दीड मीटर, म्हणजे १८०. गोट, लेस, बंद, टिचबटणं २५. डबी, टिश्यू पेपर, चिठ्ठी २०. वीज, सुया, दोरा, तेल १५. झाले २४०. आता वेळ. बेतणं, शिवणं, दोरे कापणं, इस्त्री, घडी, फोटो आणि "ताई यात गुलाबी आहे का" याला उत्तर देणं धरून अडीच तास. तासाला १०० धरा, २५०. एकूण ४९०.

म्हणजे साडेतीनशेला विकताना तुमच्या हातात ११० रुपये पडतात, अडीच तासांचे. मी हा सेट ६९० ला देते. वरचे २०० नफा. त्यातून पुढचं कापड येतं, खराब गेलेला तुकडा भरून निघतो आणि कधीतरी मशिनची दुरुस्ती.

सगळ्यात सोपी सुधारणा म्हणजे एकेक सेट न बेतणं. सहा थर एकावर एक, टाचण्या लावून, खडूने आखून एकदम कापा. मग सगळ्यांचे खांदे, सगळ्यांचे मुंढे, सगळ्यांचा गोट असं ओळीने शिवा. माझा अडीच तासांचा सेट दीड तासावर येतो. किंमत मात्र तीच ठेवायची.

खवट

तासाला शंभर? आमच्या सोसायटीत स्वयंपाकाच्या मावशी याहून जास्त घेतात. ताईंनी आधी स्वतःचा पगार वाढवावा.

(हो, हे समर्थन समजावं. रोजच्या फ्रॉकबद्दलचं मत कायम.)

हिशोबनीस (ठाणे)

पन्हाताईंच्या वहीत दोन रकाने वाढवतो. एक, न विकलेला माल. दहा शिवले आणि दोन पडून राहिले तर त्यांचा खर्च उरलेल्या आठांवर चढवायचा. दुसरा, परत येणारी पार्सलं. पोचल्यावर पैसे देण्याची सोय ठेवलीत की काही लोक दारातून पार्सल परत पाठवणार, आणि जाण्याचं-येण्याचं भाडं तुमच्या डोक्यावर. माप देऊन शिवलेल्या वस्तूला निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय कात्री लावू नये. (धागाकर्तीची क्षमा मागून.)

आणि नातेवाईकांसाठी वेगळा दर ठेवाच, पण तो दर लिहून ठेवा. ६९० वर काट मारून खाली ५५०. मग नणंदेला कळतं की तिला १४० ची सूट मिळाली. नुसते ५५० सांगितले की तिला ते ५५० ही महाग वाटतात.

गौरीची_आई (नाशिक)

मी शिवत नाही, विकत घेते, तर पलीकडच्या बाजूने लिहिते. लेकीच्या बारशाला ७०० चा सेट घेतला तेव्हा एकदाही वाटलं नाही की महाग आहे. तोच सेट रोज घालायला म्हणून घेतला असता का? नाही. रोजच्या झबल्यावर बाळ दूध ओकतं, दिवसाला पाच लागतात.

पुढे पहिल्या वाढदिवसाला एका घरगुती विक्रेतीकडून फ्रॉक मागवला. कापड सुंदर, स्मॉकिंग सुंदर, आणि गळा डोक्यातून जाईना! मागे एकच बटण, तेही मानेपाशी. पाहुणे बाहेर बसलेत, लेक फ्रॉकमध्ये अडकून भोकाड पसरतेय आणि मी शिवण उसवतेय. परत तिच्याकडून काही घेतलं नाही. तेव्हा ताई, फोटोत छान दिसण्याआधी घालता-काढता आलं पाहिजे.

शिवणवर्ग (कोल्हापूर)

गौरीच्या आईंनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. मी शिवण शिकवते. मोठ्यांचं शिवण शिकून आलेल्या बायका मुलांच्या कपड्यात हमखास इथेच अडकतात, कारण मोठ्यांचा पॅटर्न लहान करून मुलाचा कपडा होत नाही. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण १४ इंच असतो, वर्षाच्या बाळाचा १८, दोन वर्षांच्या मुलाचा १९. वर्षाच्या आसपास डोकं आणि छाती जवळपास सारखी होतात, त्याआधी डोकंच मोठं. तर गळ्याचा घेर अधिक उघडणारी फट मिळून डोक्यापेक्षा इंचभर जास्त भरलं पाहिजे. मागे कमरेपर्यंत उघडं ठेवा, खांद्यावर टिचबटणं घ्या किंवा आंगड्यासारखं पुढे एकावर एक येणारं करा. नवजात बाळाला तर डोक्यातून काही घालूच नका, पुढून उघडणारं आणि बाजूला बंद बांधायचं झबलंच बरं. मान धरत नाही तोवर आईलाही तेच सोपं जातं.

मापाला वय विचारू नका. "दीड वर्षाची आहे" यावरून काही कळत नाही. छाती, उंची आणि डोक्याचा घेर मागा. आयांना टेप धरता येत नसेल तर सध्या नीट बसणारा एक कपडा जमिनीवर पसरून, शेजारी फुटपट्टी ठेवून फोटो पाठवायला सांगा. वाढत्या अंगाचं म्हणून परकराला आतून दोन इंचांची दुमड आणि पोलक्याच्या बाजूच्या शिवणीत इंचभर माया (जादा कापड) ठेवा. पुढच्या दिवाळीला उसवून मोठं करता येतं हे चिठ्ठीवर लिहा. कारखान्याच्या कपड्यात ही माया नसते, त्यामुळे गिऱ्हाईक खूश.

कात्री

शिवणवर्गताई, मलमल शिवताना माझी पंचाईत होते. सुरुवातीलाच कापड मशिनच्या भोकात ओढलं जातं आणि शिवण चुणते. दोरा बदलून पाहिला.

शिवणवर्ग

सुई कितीची आहे? बहुतेकांच्या मशिनला कायम १६ नंबरची असते, ब्लाउजच्या अस्तरापासून जीन्सपर्यंत एकच. मलमलीला ९ किंवा ११ घ्या आणि नवी घ्या, बोथट सुई धागा ओढते. टीप बारीक करा. सुरुवात करताना खाली वर्तमानपत्राचा नको, शाई लागते, साध्या कोऱ्या कागदाचा बोटभर तुकडा धरा आणि कागदासकट दोन इंच शिवा. कागद नंतर ओढला की फाटून निघतो. पहिले चार टाके दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून घाला. चुणणं थांबलं नाही तर वरचा ताण सैल करा.

इंटरलॉकची घाई नको. तान्ह्यांच्या कपड्याला इंटरलॉकची कड आतून टोचते. त्याऐवजी फ्रेंच शिवण घाला. आधी उलट्या बाजू एकमेकींना लावून सुलट्या बाजूने पाव इंचावर टीप, मग कड कातरून, उलटवून पुन्हा टीप. कच्ची कड आत बंद होते. वेळ लागतो, पण याच शिवणीचा जवळून फोटो टाका, जाणकार आया ओळखतात. फ्रॉक आणि परकर मोठ्या संख्येने शिवायला लागलात की मग इंटरलॉक. तेव्हा सर्वो मोटरवालं घ्या. जुन्या क्लच मोटरसारखी ती सतत फिरत बसत नाही, पाय दाबला तरच वीज खाते, आणि घुर्रर्र आवाजाने झोपलेलं पोर उठत नाही.

माईआजी (सांगली)

सगळं वाचलं. मुलींनो, कापडाला पाणी पाजता का, हे कोणी विचारलंच नाही! सुती कापड बेतायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं, न पिळता सावलीत वाळवायचं, ओलसर असताना इस्त्री. मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर सहज आटतं. एवढ्याशा झबल्यात तेवढं आटलं तर बाळाच्या काखेत रुततं.

दुसरं रंगाचं. मुलं कपडा तोंडात घालतात. नीळ, बाटीक, काळा, लाल यांचा काठ पाण्यात ओला करून पांढऱ्या रुमालावर घासायचा. रुमालाला रंग लागला तर ते कापड लहानग्यांना नाही. संक्रांतीचं काळं तर हमखास जातं. मी आतून पांढऱ्या मलमलीचं अस्तर लावते. वर हलव्याचे दागिने, बाळ घामेजलं की हलवा चिकटतो आणि रंगही सुटतो, निदान अंगाला लागत नाही.

पन्हा४४

माईआजी, अगदी. खणालाही अस्तर हवंच. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खरा खण देखणा असला तरी बाळाच्या अंगाला खरखरतो, शिवाय मूळचा तो चोळीसाठी विणलेला, पन्हा (कापडाची रुंदी) कमी. परकराला जोड द्यावे लागतात. आता बाजारात मोठ्या पन्ह्याचं "खण" म्हणून जे मिळतं त्यात पॉलिएस्टर भरपूर. दुकानातच कडेचे दोन धागे ओढून काडीवर जाळून बघायचे. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा, राख उडते. पॉलिएस्टर वितळतं आणि कडक मणी होतो. दुकानदार रागावतात, रागावू देत. रविवार पेठेत मला ओळखतात आता, काडेपेटी आणलीत का म्हणून विचारतात.

सातासमुद्रापार (न्यू जर्सी)

धागा मस्त चाललाय. इथे माझ्या मराठी मंडळातल्या मैत्रिणी बारशाला कुंची आणि काठाचं दुपटं भारतातूनच मागवतात, त्यामुळे परदेशी गिऱ्हाईक नक्की आहे. पण दोन-तीन गोष्टी माहीत असाव्यात.

अमेरिकेत २००८ साली मुलांच्या वस्तूंच्या सुरक्षेचा कायदा आला. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बनवलेल्या प्रत्येक वस्तूला तो लागू आहे, स्वयंपाकघराच्या टेबलावर शिवलेल्या झबल्यालाही. शिसं किती, कपड्यावर बनवणाऱ्याचा आणि तारखेचा कायमचा पट्टा आहे का, हे सगळं त्यात येतं. घरून शिवणाऱ्यांनी तेव्हा मोठी ओरड केली, मग २०११ मध्ये छोट्या उत्पादकांना काही सवलती मिळाल्या. नुसत्या कापडाला शिशाच्या तपासणीतून सूट आहे, पण धातूची टिचबटणं, रंगवलेली बटणं, चमकीचे छाप यांना नाही. त्यामुळे इथे पाठवायच्या कपड्याला कापडाचीच गुंडी किंवा बंद बरे. रात्री झोपताना घालायचे कपडे म्हणून काही विकू नका. नऊ महिन्यांवरच्या मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना आग न धरण्याचे वेगळे कडक नियम आहेत, सैल सुती झगा त्यात बसत नाही.

आणि ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला जकात माफ होती, ती २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. आता छोट्या पाकिटालाही जकात. ती कोण भरणार हे आधी बोलून घ्या, नाहीतर मैत्री तुटते.

ढगाळ_हवा (लेस्टर, इंग्लंड)

इंग्लंडचं थोडं. इथे आणि युरोपात लहान मुलांच्या कपड्याला, सात वर्षांखालच्या, गळ्यापाशी आणि कपड्याला जोडलेल्या टोपीला दोऱ्या-नाड्या चालत नाहीत. पाळण्यात, घसरगुंडीत अडकून गळ्याला फास बसण्याची भीती. त्याच भीतीने हनुवटीखाली बांधायचं आपलं टोपडं मी इथे विकायला ठेवत नाही.

माईआजी

टोपड्याला बंद नाही तर ते राहील कसं डोक्यावर? चार पिढ्या बांधतोय आम्ही.

ढगाळ_हवा

माईआजी, तुमच्या मांडीवर बाळ आहे तोवर काहीच प्रश्न नाही. विकताना मात्र ते बाळ कुणाच्या नजरेआड, कुठल्या पाळण्यात झोपणार हे आपल्याला माहीत नसतं. मागे मानेपाशी मऊ इलास्टिकचा छोटा नेफा घातला तर टोपडं छान राहतं. मी तसंच करते.

माईआजी

इलास्टिकने कपाळावर वळ पडतो. पण मागेच घालायचं म्हणतेस, तर करून बघते. कुंचीला मात्र बंद लागतोच, बारशापुरता, आणि झोपवताना काढायची. तेवढं चिठ्ठीवर लिहीत जा मुलींनो.

पन्हा४४

माईआजींचं मान्य, आणि त्याच चिठ्ठीवर बटणांचंही लिहा. मी तीन वर्षांखालच्या कपड्याला मोती, घुंगरू, चिकटवलेले खडे लावतच नाही. गिऱ्हाईक मागतं, फोटोत छान दिसतं, तरी नाही. बाळाच्या तोंडात पहिला जातो तो मोती. बटण लावलं तर दुहेरी दोऱ्याने, खाली कापडाचा छोटा तुकडा धरून, आणि शेवटी ओढून बघायचं.

हिशोबनीस

कागदपत्रांचं कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. कंटाळवाणं आहे, पण वाचा.

राज्यातल्या राज्यात विकत असाल तर वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असताना जीएसटी नोंदणी लागत नाही. गोम अशी की इन्स्टाग्रामवर ऑर्डर घेऊन बेळगावला किंवा इंदूरला पाठवलंत की तो आंतरराज्य व्यवहार झाला, आणि त्याला ४० लाखांची सवलत नाही. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सूट आहे, पण साधा शिवलेला फ्रॉक त्यात बसतो असं गृहीत धरू नका, करसल्लागाराला विचारा. मोठ्या विक्री-संकेतस्थळांवरून राज्यातल्या राज्यात विकायला १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीची सक्ती नाही, नुसता नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. नोंदणी असेल तर कपड्यावर ५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर नगाला २५०० रुपयांपर्यंत लागतो, आधी ती मर्यादा १००० होती. २५०० च्या वर १८ टक्के. बारशाचे सेट तर पाच टक्क्यांतच.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आधारवर, ऑनलाइन आणि फुकट होते. कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर सरळ उठून या. हाताखाली मोजकीच माणसं असतील तर दुकाने कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. बँकेत चालू खातं उघडायला हे दोन कागद कामी येतात.

आणि पीएम विश्वकर्मा बघा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या त्या योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. थोड्या दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंत, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडलं की दोन लाख कर्ज. घरातल्या एकालाच मिळतं आणि सरकारी नोकरी असलेल्या घराला नाही.

कात्री

आमच्या घरात सरकारी नोकरी आहे, त्यामुळे विश्वकर्मा बाद. उद्यमचं आजच बघते.

दर ठरवला. बारशाचा सेट ६५०, साडीचा काठ लावून ७५०, आणि हिशोबनीस म्हणतात तसा काट मारलेला घरचा दर. धाकट्या नणंदेला पाठवला. तिचं उत्तर : "वहिनी, तू आता दुकानदार झालीस वाटतं." हसावं की रडावं?

पन्हा४४

"हो" म्हणा आणि क्यूआर कोड पाठवा.

खवट

माझ्या भाचीला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे. आत्ता ऑर्डर देणार नाही, बहीण मारेल. पण झाल्यावर लगेच लिहितो, काठाचा सेट, पूर्ण दराने. इथेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

गौरीची_आई

खवटराव!! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

संपादक

व्यनि करा. धाग्यात फोन नंबर, पत्ते आणि मुलांचे चेहरे दिसणारे फोटो टाकू नयेत. गिऱ्हाइकांनी पाठवलेले बाळाचे फोटो जाहिरातीला वापरण्याआधी आई-वडिलांना विचारावं, हीसुद्धा विनंती. कपडा हँगरवरही छान दिसतो.

ढगाळ_हवा

जाता जाता, कार्टूनची चित्रं छापलेलं कापड "बाळांना आवडतं" म्हणून घेऊ नका. त्या चित्रांचे हक्क कंपन्यांकडे असतात, आणि बाजारातलं मीटरवर मिळणारं बरंचसं कापड बिनपरवान्याचं असतं. साधी फुलं, ठिपके, वाघ-ससे बरे.

कात्री

माईआजी, एक शेवटचं. कुंची मी आत्तापर्यंत जुनीवरून आखून बेतते. तुमच्याकडे नवजात बाळाचं माप असेल तर द्याल का?

माईआजी

लिहून घे. डोक्याचा भाग १४ इंच लांब, ६ इंच रुंद, शिवणीची माया वेगळी धर. लांबीत मधोमध दुमड घाल, म्हणजे ७ बाय ६ होईल. एका बाजूची ७ इंचांची कड शिव, ती मागची शिवण. समोरची उघडी कड चेहऱ्याभोवती येते, तिला गोट. खालची कड दोन्हीकडची मिळून १२ इंच भरते. पाठीवरच्या पदराला १८ इंच रुंद, १५ इंच लांब तुकडा घे, वरून चुण्या घालून १२ इंचांवर आण आणि डोक्याच्या भागाला जोड. खण असेल तर काठ पदराच्या तळाला येऊ दे, चेहऱ्यापाशी नको, टोचतो. अस्तर दोन्ही भागांना वेगळं लाव आणि सगळं झाल्यावर उलटव. मागच्या शिवणीचं टोक डोक्यावर निमुळतं उभं राहतं, ते नको असेल तर तिथे आतून आडवी छोटी टीप मार. मी तिथे गोंडा लावते, पण तुमच्या त्या साहेबाच्या देशात गोंडा चालतो का, ते ढगाळला विचार.

ढगाळ_हवा

गोंडा घट्ट शिवलेला असेल आणि त्याला लोंबती दोरी नसेल तर हरकत नसावी, पण विकायच्या मालाला मी तरी लावत नाही. कापडाचं छोटं फूल शिवते.

माईआजी

फूल बरं दिसेल. कापडाचं कात्रणही वाया जाणार नाही. कात्री, पहिली कुंची झाली की फोटो टाक, चुण्या सारख्या पडल्यात का बघते.